अंकुश, तुझा इक्वलायझर अजून तसाच आहे

अंकुश, स्पीकरला ताकद देणाऱ्या तुझ्या पाच अँपपैकी दोन मी रविवारी खाली उतरवले, मागच्या वायरी सोडल्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा होते तसे वर चढवले. कमरेत उसण भरलीय. तू असतास तर म्हणाला असतास, ‘दिल्या, मी चाळीस बार उचललेत, एकदाबी कण्हलो न्हाई.’ साफ खोटं. दर वेळी कण्हायचास.

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तेराव्याला पंगती उठल्यावर सुनंदावहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ‘भाऊजी, ते सगळं काढा आणि मला झेपेल असं काहीतरी बसवून द्या. साध्या बातम्या लावायच्या तर सात बटणं. एखादं मागं-पुढं झालं की धाडकन आवाज येतो, छातीत धस्स होतं. मी टीव्हीच लावत नाही आता.’ तुझ्या लेकीने, पूर्वाने, तिथल्या तिथे मोबाइलवरून रिसीव्हर मागवला. एक डबा, एक रिमोट. म्हणजे आपलं अकरा वर्षांचं भांडण मी जिंकलो. समोरचा गडी मैदानात नसताना जिंकलो, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कंपनीत पॅनल उघडतो आणि कशाला उघडलं तेच विसरतो. जेवता जेवता उठतो. आमची ही म्हणते, किती फेऱ्या मारताय, फरशी झिजेल.

मला चैन पडत नाही याचं कारण रिसीव्हर नाही. तुझ्याबद्दलची एक गोष्ट मला चार वर्षं माहीत होती आणि मी ती तुला तोंडावर सांगितली नाही. आता तू नाहीस, तर ती वहिनींना सांगायची की माझ्याबरोबरच संपवायची, हे ठरत नव्हतं. डबा खोक्यातून काढण्याआधी ते ठरवावं लागणार होतं.

भांडण तरी केवढं, तर घरातल्या टीव्हीला आवाज कसा द्यायचा. तुझं म्हणणं, प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा अँप पाहिजे. आवाज निवडणारा प्रोसेसर वेगळा, त्याला घडवणारा इक्वलायझर वेगळा आणि ताकद देणारे पाच वेगळे. माझं म्हणणं, हे सगळं एका रिसीव्हरच्या पोटात मिळतं, तर तो आणावा आणि माणसाने खुर्चीत बसून गपगुमान सिनेमा बघावा. आपण दोघंही चाकणच्या एकाच कंपनीत प्रेसशॉपला, तू लाइनवर, मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. त्यामुळे दाखलेही तिथलेच.

‘एका मोटरवर पाच प्रेस चालवशील का रे?’

‘नाही चालवणार. पण पाच प्रेसला पाच मॅनेजर पण नाही ठेवणार.’

‘आन् तुझा तो एकटा मॅनेजर आजारी पडला म्हंजी? सगळी लाइन बंद! माझा एक अँप गेला तर बाकीचे चार बोलतेत की.’

बोलतात, हे खरं. पूर्वाच्या साखरपुड्याचा व्हिडिओ बघायला वीस माणसं तुझ्या हॉलमध्ये जमली होती आणि नेमका मधल्या स्पीकरचा अँप गेला, आठवतं? चारी कोपऱ्यांतून बँड वाजतोय आणि पडद्यावर व्याही नुसते ओठ हलवतायत. मी म्हणालो, ‘बघा, चार बोलतायत.’ तू स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या अंगावर आलास आणि व्याही पोट धरून हसले. तो अँप तू दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलास आणि मला फोन करून फक्त एवढंच म्हणालास, ‘झाला.’

ते अँप तू एकेक करून जमवलेस. भोसरीच्या एका शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करून घेतलंस, पत्र्याच्या पेट्या स्वतः वाकवल्यास, रंगाचे दोन हात दिलेस. उन्हाळ्यात पाचही चालू झाले की काळेवाडीचा तुझा तो हॉल भट्टी व्हायचा. वहिनी यावर कुरडया वाळवतील म्हणून मी चिडवायचो, आणि एकदा त्या खरंच त्यावर ओले मोजे ठेवून गेल्या. तू दोन दिवस धुमसत होतास. मला आत्ता ते मोजे आठवले आणि हसू आलं, आणि हसल्याबद्दल माझाच मला राग आला. असं रोज चाललंय.

तुला लाइनवर ‘कान’ म्हणायचे. नवीन पोरं विचारायची, यांना कान का म्हणतात, मग कुणीतरी ती गोष्ट सांगायचं. मोठ्या प्रेसवर पत्र्याचा जॉब धडाधड पडत होता, मोजमाप सगळं बरोबर, क्वालिटीवाला खूश, आणि तू एकदम लाइन थांबवलीस. सुपरवायझर धावत आला. तू म्हणालास, ‘डाय रडायलाय.’ लोक हसले. इंजिनिअर म्हणाला, तपासून काही निघालं नाही तर बघा. डायचा साचा उघडला, तर पत्रा ठोकणाऱ्या पंचाला केसाएवढी चीर. अजून थोडा वेळ चालला असता तर तुकडा उडून कुणाच्या तरी अंगात घुसला असता. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तू खिडकीला डोकं टेकवून एकटाच हसत होतास. मी शेजारी बसून बघत होतो आणि मला तुझा अभिमान वाटत होता. हेही मी कधी बोललो नाही, ते आता लिहितो.

पण त्यासाठी तू कानातली बुचं घालायचा नाहीस. सुपरवायझर दिसला की कानात, वळला की खिशात. ‘बुचं घालून डाय कसा ऐकू येईल?’ हे तुझं तर्कशास्त्र. वीस-बावीस वर्षं त्या धडधडीत तू उघड्या कानाने उभा होतास. डायचं ऐकता ऐकता काय होत होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्याही नाही.

मग तो कागद आला. दर वर्षी कंपनीत तपासणीची गाडी यायची. रक्त, डोळे, फुंकर मारायची नळी आणि शेवटी ती काचेची केबिन. कानाला हेडफोन लावायचा, बारीक शिटी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. त्या वर्षी तुझ्या कागदावर ‘पुन्हा तपासणी’ असा शिक्का पडला. तू मला कँटीनच्या मागे नेऊन तो दाखवलास. डावीकडून एक रेघ सरळ चालत आली होती, मध्येच खड्ड्यात उतरली होती आणि शेवटी थोडीशी वर आली होती. मला आलेख वाचायची सवय आहे, रोजचंच काम. मला एका नजरेत कळलं, बारीक आवाज तुझ्या कानातून निसटत होते. तू म्हणालास, ‘मशीन खराब हाय त्यांचं.’ मी म्हणालो, ‘असेल.’

‘दुसऱ्यांदाबी असंच आलं तर पॅकिंगला टाकतेत. खोकी चिकटवायला. मी, दिल्या? कान म्हणतेत मला.’

तुझा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत तू मला कधी काही मागितलं नव्हतंस, आणि तेव्हाही तोंडाने मागितलं नाहीस. पंधरा दिवसांनी फेरतपासणीला मी माझं ब्लडप्रेशर बघायचंय म्हणून येऊन बसलो. वाट बघणाऱ्यांची खुर्ची तपासणाऱ्या बाईंच्या पाठीमागे होती, तिथून त्यांचं बोट दिसायचं, आणि समोर काचेत तू. बाईंनी कळ दाबली की मी गुडघ्यावरचा अंगठा उचलायचो. तू माझ्याकडे बघून बटण दाबायचास. आपण हे आधी ठरवलंही नव्हतं. लाइनवर एवढा गोंगाट असतो की हाताच्या खुणांनीच सगळं चालतं, तशीच ही एक. कागद स्वच्छ आला. आपण दोघांनी बाहेर टपरीवर कांदाभजी खाल्ली आणि विषय गाडीतळाच्या खड्ड्यांवर नेला. पुढची तीन वर्षं तोच खेळ. माझं ब्लडप्रेशर कंपनीत सगळ्यात जास्त तपासलं गेलं असेल.

‘तुला कमी ऐकू येतं’ हे चार शब्द. मी ते उच्चारले नाहीत आणि तूही नाहीस. आपण अँपवर भांडत राहिलो.

तुझ्या घरी आवाज कसा लागायचा हे तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो. टोचायचा. सिनेमात बाईच्या हातातल्या बांगड्या वाजल्या की दाताने पत्रा चावल्यासारखं व्हायचं. पूर्वा माणहून आली की ऑफिसचं काम आहे म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसायची. रविवारी कसलं काम? वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत. सुरुवातीला मला प्रामाणिकपणे वाटायचं की दोष तुझ्या हाताने बनवलेल्या अँपचा आहे, आणि म्हणूनच मी रिसीव्हरचं लावून धरलं होतं. तो कागद बघितल्यावर मला कळलं की अँपचा काही दोष नाही. तरीही मी रिसीव्हरचं लावून धरलं, कारण त्याच्याबरोबर एक छोटा माइक येतो. तो खुर्चीवर ठेवला की डबा स्वतःच आवाज मोजतो आणि कुणाच्या कानाला न विचारता सगळं जागेवर आणतो. मला वाटलं, तुला न दुखवता घर शांत होईल. पळवाट होती, दुसरं काय.

म्हणून एका रविवारी मी मोशीच्या घरून माझा स्वतःचा रिसीव्हर पिशवीत घालून आणला. तुझ्या खुर्चीवर, तुझं डोकं येतं त्या उंचीवर माइक बांधला. स्पीकरमधून टकटक, सूंसूं झालं आणि डबा म्हणाला, झालं. सिनेमा लावला. पूर्वा आतून बाहेर आली. ‘बाबा, आज शब्द न् शब्द कळतोय!’ वहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे बरंय की.’

तू खुर्चीत नीट सरकून बसलास. मग पुढे वाकलास, स्पीकरच्या जवळ गेलास, परत मागे आलास.

‘मेला आवाज,’ तू म्हणालास. ‘वर घोंगडी टाकल्यागत वाटायलंय.’

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तू आमचे चेहरे बघितलेस.

‘तुमाला खरंच हे आवडलं?’

अंकुश, त्या वेळी तू विचारत होतास. आता मला तसं वाटतं. तुला संशय आला होता आणि तू दार अर्धं उघडलं होतंस. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, ‘ज्याची त्याची आवड, राव.’ तू उठलास, माझ्या रिसीव्हरच्या वायरी एकेक करून सोडल्यास, नीट गुंडाळून माझ्या पिशवीत घातल्यास. पुढचे दोन रविवार तुझा फोन नाही. तिसऱ्या रविवारी सकाळीच आला, ‘येतुयास का न्हाई? मटण हाय.’ मी आलो. पाचही अँप चालू होते आणि बांगड्या टोचत होत्या. मी मुकाट्याने जेवलो.

तुझ्या शेवटच्या दिवसाबद्दल मला फार लिहायचं नाही, पण थोडं लिहावंच लागेल. पहिली शिफ्ट सुटली होती. मी आधी बाहेर पडलो आणि गेटसमोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. एक ट्रेलर रांगेत लागायला मागे येत होता. त्याचा रिव्हर्सचा अलार्म पीं पीं पीं वाजत होता, आम्ही सगळे त्याला वैतागलो होतो. तू त्याच्या मागच्या बाजूने येत होतास, हातात फोन, मान खाली. मी हाक मारली. पुन्हा मारली. चहावाल्याने मारली. तू वळला नाहीस. पुढचं मला लिहायचं नाही.

ड्रायव्हर रस्त्यावर बसून एकच बोलत होता, ‘अलार्म चालू था, साहब, सबने सुना.’ खरं होतं, सगळ्यांनी ऐकला. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, अलार्म वाजत होता. तू का वळला नाहीस ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रस्त्यावर गोंगाट होता, तुझ्या हातात फोन होता, चांगल्या कानाचा माणूसही वळला नसता. हे मी स्वतःला दिवसातून वीस वेळा सांगतो आणि विसाव्या वेळीही मला ते पटत नाही. त्या वर्षी मी अंगठा उचलला नसता तर तुला कानाचं यंत्र मिळालं असतं. तू पॅकिंगला खोकी चिकटवत मला शिव्या घातल्या असत्यास आणि माझ्याशी बोलणं टाकलं असतंस. चाललं असतं मला. जिवंत राहून नसता बोललास तरी चाललं असतं.

तर रविवारी मी तुझ्याकडे गेलो. पूर्वा आली नव्हती, वहिनी एकट्याच. नव्या रिसीव्हरचा खोका दाराशी होता. मी पहिला अँप उतरवला, दुसरा उतरवला. मग मधल्या फळीवरचा तुझा इक्वलायझर काढायचा म्हणून आधी त्याची धूळ पुसायला फडकं घेतलं, आणि हात तिथेच थांबला. पंधरा उभ्या खाचा, प्रत्येकीत वर-खाली सरकणारी एक खुंटी. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. इतकी वर्षं मी तो समोर बघत होतो, पण कधी लांबून नीट पाहिला नव्हता. डावीकडच्या खुंट्या सरळ ओळीत होत्या. मग त्या चढत गेल्या, एका ठिकाणी पार वर टेकल्या आणि शेवटच्या दोन थोड्या खाली. अंकुश, तो कागद होता. कँटीनच्या मागे तू दाखवलेला कागद, उलटा धरलेला. जिथे खड्डा तिथे टेकडी, आणि जेवढा खड्डा तेवढीच. डॉक्टर नाही, मशीन नाही, तू एकटाच खुर्चीत बसून, आज खुंटी एक रेघ वर, चार महिन्यांनी आणखी एक रेघ, असं करत कानातून जे जे जात होतं ते हाताने भरून काढत होतास. तुला माहीतही नसेल तू काय करतोयस. तुला फक्त आवाज पूर्वीसारखा पाहिजे होता.

आणि मी त्याला टोचतो म्हणायचो. तुला लोक कान म्हणायचे ते उगीच नव्हतं रे. एवढं अचूक काम कुठल्या डब्याच्या माइकला जमलं नसतं.

मी तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो. सरळ सांगतो, हुंदके देऊन रडलो. वहिनी धावत बाहेर आल्या. ‘काय झालं भाऊजी? शॉक बसला का?’

मग मी सांगितलं. बुचं, कागद, शिक्का, अंगठा, चार वर्षं. तो माइक खरा कशासाठी आणला होता ते. ट्रेलरचा अलार्म. खाली बघून सांगितलं, मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलून उठलो असतो.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

‘चार वर्षं तुम्ही दर रविवारी इथं जेवताय,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘माझ्या हातचं.’

‘हो.’

‘आणि मला सांगितलं नाहीत.’

मी तयारीत होतो. त्या म्हणणार, तुमच्यामुळे माझा माणूस गेला. मी ऐकून घेणार आणि पायऱ्या उतरणार. पण त्या ट्रेलरबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ते मुद्दाम करत नव्हते?’

मला कळलं नाही. ‘काय मुद्दाम?’

‘मी आतून विचारायचे, अहो, चहा ठेवू का. उत्तर नाही. दोनदा, तीनदा विचारायचे. हे आपले समोर बघत बसलेले. जवळ येऊन बोललं तर बोलायचे, हसायचे, सगळं. पण आतून विचारलं की नाही. मला वाटायचं, मित्र आला, डबे चालू झाले की बायको म्हणजे भिंत. किती रडलेय मी त्यावरून. मग सोडलंच. दोन वर्षं झाली भाऊजी, मी त्यांना आतून हाक मारली नाही. कप आणायचा, समोर ठेवायचा आणि आत जायचं. त्या दिवशी सकाळीसुद्धा तसाच ठेवला.’

वहिनींचा आवाज तुला माहीत आहे. बारीक, मऊ, तोही आतून, आणि तुझी पाठ तिकडे. त्या रेघेच्या खड्ड्यात नेमका तेवढाच आवाज मावतो. मी त्यांना हे समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

‘पूर्वाला मी सांगेन. तुम्ही नका सांगू.’ मग खोक्याकडे बोट केलं. ‘तो डबा पुढच्या रविवारी या आणि बसवा, मला लागणारच आहे. पण आज नाही. आज त्यांचं लावा. ते लावायचे तसं.’

मी दोन्ही अँप वर चढवले, वायरी जोडल्या. आधी प्रोसेसर, मग इक्वलायझर, मग अँप, डावीकडून उजवीकडे, तुझ्या क्रमाने. धाडकन आवाज आला नाही. तू शेवटी अर्धवट सोडलेला सिनेमा तिथूनच सुरू झाला. इक्वलायझरला मी हात लावला नाही.

‘त्यांच्या खुर्चीत बसा,’ वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी बसलो. समोर पडद्यावर कुणीतरी भांडी आवरत होतं, ती कानात टोचत होती. तेवढ्यात आतून आवाज आला, रोजचा, मुळीच न चढवलेला.

‘अहो, चहा ठेवू का?’

मग थोडं थांबून, ‘आलं का ऐकू, भाऊजी?’

‘आलं, वहिनी.’

‘स्पष्ट?’

सिनेमाचा आवाज फार आहे, कुणालाही आलं नसतं, असं म्हणता आलं असतं. ‘स्पष्ट,’ मी म्हणालो. ‘आधीपण यायचं. दर वेळी यायचं. मला वाटायचं, नवरा-बायकोतलं आहे, तो देईल उत्तर.’

आत ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी उठावं की बसावं ते मला कळेना. मग त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी ते मला विचारलेलं नव्हतं.

‘अहो, चहा ठेवू का?’

मी तुझ्या खुर्चीत होतो, अंकुश. तू काय म्हणाला असतास मला माहीत होतं. मी म्हणालो, ‘हो, ठेव.’